आगाऊ सत्कार

माझा सत्कार आधी झाला आणि परीक्षा नंतर. वाचणाऱ्याला वाटेल, लिहिताना क्रम चुकला. क्रम चुकलेला नाही. आमच्याकडे निवडणूक जवळ आली की गोष्टी याच क्रमाने होतात.

राहुरीच्या अलीकडे, मुळा धरणाच्या पाटाला लागून आमचं गाव आहे. गावात सहकारी दूध संघाचं संकलन केंद्र आहे आणि त्याच्या खिडकीत मी वीसेक वर्षं बसत आले. हुद्दा लेखनिक. शेतकरी दूध आणतो, मशीन दुधातली फॅट दाखवतं, तिच्यावर भाव ठरतो, आणि फॅट कमी लागली की बोलणी खायला खिडकीत मी असते. मशीनला कुणी काही म्हणत नाही. माझाही स्वभाव काही थंड नाही, त्यामुळे आमच्या केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दुधाइतकंच भांडणही जमा होतं.

आतल्या खोलीत केंद्रप्रमुख बसत. माणूस सज्जन. यायचे, पेपर वाचायचे, सह्या करायचे आणि मग डोळे मिटून संघाच्या भवितव्याचा विचार करायचे. टँकर उशिरा आला तर फोन करणं, दूध थंड ठेवणारा चिलर बंद पडला तर मिस्त्री शोधणं, पशुखाद्याची पोती उतरवून घेणं, हे सगळं माझ्याकडे. तरी नवा माणूस आला की माझ्या डोक्यावरून आत डोकावत विचारायचा, "साहेब न्हाईत का?" या एका प्रश्नाने माझं जेवढं रक्त आटलं तेवढं दुसऱ्या कशाने आटलं नसेल. साहेब आहेत, पण झोपलेत, असं सांगायची सोय नव्हती. मी सांगायची, मीटिंगमध्ये आहेत.

त्यांच्या निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली तसा संचालक मंडळाने ठराव केला की पुढचा केंद्रप्रमुख पदवीधरच हवा. मी बारावी पास. बारावीचा निकाल आणि माझं लग्न एकाच उन्हाळ्यात लागलं आणि पुढचं शिक्षण तिथेच थांबलं. ठराव ऐकला त्या दिवशी मी घरी येऊन भाकऱ्या अशा थापल्या की नवरा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. जेवण झाल्यावर मी जाहीर केलं, मी बी.ए. करणार. तो म्हणाला, "कर की." माझा नवरा शेती करतो, चार गायी सांभाळतो आणि दिवसाकाठी मोजकंच बोलतो. त्यामुळे ही एवढी मोठी परवानगी मी पाठिंबा समजले.

या वयात शिकायला लागलं की लोक म्हणतात, शिक्षणाची ओढ बघा. मला खुर्चीची ओढ होती. चाकांवर फिरणारी, हात असलेली, पाठीला टॉवेल टाकलेली ती खुर्ची. तिच्यात बसून मी एकदा तरी ऐकणार होते, की साहेब कुठायत, आणि सांगणार होते, मीच.

मुक्त विद्यापीठाचं आमचं अभ्यासकेंद्र नगरला, सावेडीतल्या एका शाळेत. तास रविवारी. सकाळचं दूध आटोपून एसटीने नगर गाठायचं, तिथून रिक्षाने सावेडी. रविवार असल्यामुळे वर्ग मिळायचा तो पाचवी-सहावीच्या मुलांचा. बाकं त्यांच्या मापाची. माझ्या शेजारी एक पोलीस हवालदार बसायचे, उंचेपुरे. ते एकदा बाकात शिरले की तास संपेपर्यंत निघू शकायचे नाहीत. सर म्हणायचे, तुमच्यासारखा एका जागी बसणारा विद्यार्थी मी पाहिला नाही.

पहिल्याच दिवशी मी स्वतःचं नाक कापून घेतलं. सरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली, ती नावाने नाही, क्रमांकाने. आमच्या केंद्रावरही प्रत्येक सभासदाला क्रमांक असतो. तो आपला क्रमांक सांगतो, मी लिटर विचारते. वर्षानुवर्षांची जिभेची सवय. मी पुस्तकात डोकं घालून बसले होते. सर म्हणाले, "सदतीस?" आणि मी मान वर न करता खणखणीत आवाजात विचारलं, "किती लिटर?"

वर्ग हसला तो पुढची तीन वर्षं हसत राहिला. सदतीस क्रमांक माझाच होता. हवालदारांनी तर तेव्हापासून दर रविवारी नमस्काराऐवजी "ताई, आज किती लिटर?" एवढंच विचारलं. सर माझ्याहून कितीतरी लहान होते, त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या हातातला खडू हलत होता.

अभ्यासात माझी खोड अशी, की मला लांबण लावता येत नाही. हवालदारांना हे फार लागायचं. ते समजवायचे, "ताई, उत्तरात जरा पाणी घालायचं. पान भरलं पायजे. मी पंचनामा लिहितो तसं लिहा. झाडाखाली माणूस बसलेला असंल तर आधी झाड कशाचं ते लिहायचं." माझा सगळा जन्म दुधातलं पाणी पकडण्यात गेला. पाणी घालायचं म्हटलं की हात थबकायचा. लोकशाही म्हणजे काय, तर लोकांनी निवडून दिलेल्यांचं राज्य, संपलं. गृहपाठ परत यायचा त्यावर सरांचा शेरा असायचा, मुद्दे बरोबर, विस्तार हवा. अशाने राज्यशास्त्रात मी पहिली दोन्ही वर्षं काठावर निघाले. तिसऱ्या वर्षी त्याच विषयाची मला धडकी होती. बाकीचं निभेल, पण राज्यशास्त्र राहिलं तर पदवी राहिली, पदवी राहिली तर खुर्ची गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं.

अशात थंडी पडली आणि झेडपीची निवडणूक येणार येणार म्हणून गाजायला लागली. आमचे चेअरमन, म्हणजे दूध संघाचे अध्यक्ष, उभे राहणार होते. निवडणूक जितक्या वेळा पुढे गेली होती तितक्या वेळा त्यांनी नवा पांढरा ड्रेस शिवला होता. एका सकाळी ते स्वतः खिडकीशी आले. एरवी ते गाडीच्या काचेतून हात करतात.

"ताई, रविवारी तुमचा सत्कार ठेवलाय."

"माझा? कशाबद्दल?"

"ग्रॅज्युएट झाल्याबद्दल."

मी सांगितलं, चेअरमन, मी कुठे झालेय, शेवटचं वर्ष चालू आहे, परीक्षा उन्हाळ्यात आहे.

"मंग होताल की."

"आणि नापास झाले तर?"

"शुभ बोला, ताई. आन हे बघा, आचारसंहिता आज लागती का उद्या, कुनाला म्हाईत न्हाई. एकदा का लागली, की आमाला कुनाच्या गळ्यात हार घालता येत न्हाई. तुमचा निकाल लागंपतूर आमी काय हात बांधून बसायचं का? सत्कार घिऊन ठिवा. पास कवाबी व्हा."

नाही म्हणायला हवं होतं, पण केंद्रप्रमुख कोण होणार हे ठरवणारा माणूस समोर उभा होता. शिवाय रविवारी माझा तास असतो, हे कारण सांगायला गेले तर ते म्हणाले, अभ्यासाचा सत्कार आहे, अभ्यासवाल्यांना काय अडचण असणार. तेव्हा शिक्षणाबद्दलचा सत्कार घ्यायला मी तास बुडवला.

शनिवारीच चौकात फ्लेक्स लागला. वर चेअरमन आणि त्यांचे नेते, मोठाले, हात जोडलेले. खाली "पदवीधर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन" आणि माझा फोटो. फोटो नवऱ्याकडून मागून नेला होता. त्याने पुतण्याच्या लग्नातला दिला. त्या फोटोत आम्ही दोघं आहोत. फोटोग्राफरने फार मागे लागून त्याचा हात माझ्या खांद्यावर ठेवायला लावला होता, आमच्या सगळ्या संसारातला तेवढाच एक फोटो तसा. फ्लेक्सवाल्याने नवरा कापून टाकला, पण हात काही त्याला कापता आला नाही. तेव्हा चौकात मी नाकात नथ घालून हसत होते आणि माझ्या डाव्या खांद्यावर कुठूनसा आलेला एक हात होता.

गाव त्या हाताच्या मागे लागलं. कुणाचा ओ ताई हा? वरच्या नेत्यांपैकी कुणी ठेवलाय का? बिचारा नवरा आधीच लाजाळू, त्यानंतर तो चौक टाळून मळ्यातून लांबून जायला लागला. मी म्हटलं, सांगा ना सरळ, माझा आहे म्हणून. तो म्हणाला, "आता कसं सांगायचं?"

सत्कार मोठा झाला. मांडव, माईक, फेटे. माझ्यासोबत स्टेजवर एक तरुण होता. तो सैन्यात भरती होणार होता, धावण्याची चाचणी अजून व्हायची होती. एक गुरुजी होते, जूनमध्ये निवृत्त होणारे. आणि एक शेतकरी होता, ज्याची कालवड व्यायल्यावर तालुक्यात सगळ्यात जास्त दूध देईल असा त्याला विश्वास होता. कालवड अजून गाभण होती, पण हार तिलाही घातला, खाली मांडवाच्या खांबाला बांधून. तिने तो लगेच खाल्ला. त्या स्टेजवरचं सगळं काही पुढे होणारं होतं, फक्त फेटे तेवढे बांधून झाले होते.

चेअरमननी मला शाल घातली, हातात नारळ दिला आणि मग भाषणाच्या भरात ते बोलून गेले, "ही आपल्या संघाची लेक. आमचे साहेब आता रिटायर व्हत्यात. मी आज या व्यासपीठावरून जाहीर करतो, पुढच्या केंद्रप्रमुख ह्याच!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मळ्यातली म्हातारी बसली होती, गेली कित्येक वर्षं फॅटवरून रोज माझ्याशी भांडणारी. तीसुद्धा हात वर करून टाळ्या वाजवत होती. खरं सांगते, मला फार आनंद झाला. सगळं खोटं आहे, आधीचं आहे, मतांसाठी आहे, हे कळत होतं. तरी माईकवरून, सगळ्या गावादेखत, ती खुर्ची माझी आहे असं कुणीतरी म्हणालं होतं. माझे डोळे भरून आले आणि नाक पुसायला शालीशिवाय काही नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याने नारळ फोडायला कोयता उचलला. मी नारळ हिसकावून घेतला.

"याला हात लावायचा नाही. हा फुकटचा आहे. पास झाले की फोडायचा."

"आन न्हाई झालीस तर?"

मी ज्या नजरेने पाहिलं त्यावरून त्याने कोयता जागच्या जागी ठेवला. नारळ फ्रिजच्या डोक्यावर गेला. नंतर घरात चटणीला खोबरं संपलं तरी त्याच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी हवालदारांनी सत्काराचे फोटो मोबाईलवर पाहिले. म्हणाले, "ताई, नोकरीत नारळ शेवटी मिळत असतो, तुमाला सुरवातीलाच दिला?" मग म्हणाले, गेल्या तासाला सरांनी नेमकी आचारसंहिताच शिकवली, तुम्ही नव्हता. मी कपाळाला हात लावला. त्यांच्या टिपणांत आचारसंहितेवर दोनच ओळी होत्या. कारण बंदोबस्ताच्या विचाराने त्यांना तिथे डुलकी लागली होती.

आचारसंहिता लागली. ग्रामपंचायतीच्या शिपायाला वरून हुकूम आला, नेत्यांचे फोटो झाका. फ्लेक्स काढायला शिडी मोठी लागते, म्हणून त्याने शॉर्टकट घेतला. वर्तमानपत्राचे कागद आणि खळ घेऊन त्याने फक्त नेत्यांची तोंडं झाकली. मी काही नेता नव्हते. मी राहिले. आता चौकात, तोंडावर पेपर चिकटवलेल्या माणसांच्या रांगेखाली, नथ घातलेली एकटी मी आणि तो हात, एवढंच उरलं. ज्याने आधी पाहिलं नव्हतं त्यानेही आता पाहिलं.

आणि मग माझी खरी परीक्षा सुरू झाली, ती सावेडीत नव्हे, खिडकीत. फॅट कमी लागली की, "ग्रॅज्युएट बाई, जरा मशीन तपासा." दुधाच्या पैशांचं पगारपत्रक उशिरा लागलं की, "बीएवाल्यांना येवढं जमंना व्हय?" मळ्यातली म्हातारी कॅन आपटून म्हणायची, "तू बीए झालीस, मंग माझ्या दुधाची फॅट का वाढंना?" मी तिला दर वेळी सांगायची, आजी, मी अजून झाले नाही. ती म्हणायची, "मंग त्या टाळ्या कशाला वाजवल्या मी?" रात्रंदिवस एकच वाटायचं, नापास झाले तर हा फ्लेक्स तोंड झाकून काढावा लागेल, आणि तेव्हा झाकायला तोंड माझंच असेल.

चेअरमन निवडणुकीत पडले. भरतीवाला तरुण मात्र खरंच लागला आणि कालवडीने बऱ्यापैकी दूध दिलं. म्हणजे सत्कारवाल्यांत नापास व्हायला आता मी एकटीच शिल्लक होते.

मे महिन्यात परीक्षा. नगरचं ऊन, पंखा गरगर करतो पण वारा दुसऱ्याच कुणाला लागतो. शेवटचा पेपर राज्यशास्त्राचा. प्रश्नपत्रिका उलटली आणि तिसरा प्रश्न वाचून माझा पेन हातातच राहिला. आचारसंहिता म्हणजे काय ते सांगून तिची गरज सोदाहरण स्पष्ट करा.

व्याख्या मला येत नव्हती, ती दोन ओळींत गुंडाळली. मग 'सोदाहरण' या शब्दाकडे बघत बसले. उदाहरण माझ्याइतकं जिवंत कुणाजवळ होतं? मी लिहायला लागले. समजा एका गावात एक दूध संघ आहे. समजा त्याचे अध्यक्ष उमेदवार आहेत. समजा तिथे एक बाई आहे, जिची परीक्षा अजून व्हायची आहे. मांडव आला, कालवड आली, हार खाल्ला, शाल आली. भाषणात दिलेलं आश्वासन आलं. मतदारांवर अशा कार्यक्रमांचा कसा परिणाम होतो ते आलं, आणि चेअरमन पडले, म्हणजे कधीकधी होत नाही, हेही आलं. कागदाने झाकलेली तोंडं आली. आयुष्यात पहिल्यांदा मी पुरवणी मागितली. थेंबभर पाणी घालावं लागलं नाही.

बाहेर येऊन हवालदारांना सांगितलं तर त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ताई, हे उत्तर हाय का जबाब? तपासनाऱ्याला वाटंल, आपली टिंगल चाललीया." झालं, परतीच्या एसटीत मी लिहिलेली एकेक ओळ आठवत बसले. नावं लिहिली नव्हती, पण गाव कोणतं ते कालवडीवरूनही कळलं असतं. अगदी रडकुंडीला आले होते मी. दोन वर्षं काठावर निघाले, आता काठावरून ढकलून द्यायला मीच धक्का दिला, असं वाटत राहिलं.

निकालाची वाट बघत असताना साहेब निवृत्त झाले. खुर्ची रिकामी झाली, पाठीवरचा टॉवेल ते घेऊन गेले. मी चेअरमनना फोन केला. ते पडल्यापासून जगावर नाराज होते.

"ताई, ते भाषन हुतं. भाषनात माणूस बोलतो. बोर्डापुढं अर्ज आल्यात. माझा भाचाबी बीकॉम झालाय."

"पण तुम्ही सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं."

"आचारसंहितेच्या आधी," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

निकाल पावसाळ्यात लागला, सकाळच्या दुधाच्या वेळी. मोबाईलवर निकाल उघडेपर्यंत मी दोन सभासदांचे लिटर चुकीचे लिहिले. पास. सगळ्या विषयांत. आणि सगळ्यांत जास्त गुण होते ते राज्यशास्त्रात. मी खिडकीतून ओरडले, "मी पास झाले! बी.ए. झाले!"

रांगेतला पहिला माणूस म्हणाला, "पुन्यांदा?"

दुसरा म्हणाला, "ते तर मागंच झालं की. फ्लेक्स लागला हुता." आणि क्रमांक सांगून कॅन पुढे सरकवला. मळ्यातली म्हातारी तेवढी थांबली. तिने डोळे बारीक करून विचारलं, "म्हंजी आता खरी झालीस?" मी मान हलवली. "बरं झालं," असं म्हणून ती आपली फॅट बघायला गेली. तीन वर्षं एसटीचे धक्के खाऊन मिळवलेल्या गोष्टीवर एवढंच. मला इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी मी कुणाशीच भांडले नाही. लोकांना वाटलं, माझी तब्येत बरी नाही.

मग आली संघाची वार्षिक सभा. तोच मांडव, तोच माईक, फेटे नाहीत. अहवाल वाचला गेला, मंजूर मंजूर झालं, शेव-बुंदीची पाकिटं फिरायला लागली, आणि चेअरमननी शेवटचा विषय पुकारला, आयत्या वेळचे विषय. तो पुकारायचा असतो आणि काही नाही म्हणून संपवायचा असतो. मी गुणपत्रक पदरात गुंडाळून बायकांच्या बाजूला बसले होते. उठायचं ठरवून आले होते आणि शेव-बुंदीचं पाकीट धरून बसले होते. एवढी वर्षं खिडकीतून भांडले, पण मध्ये गज असायचे.

माझ्या आधी मळ्यातली म्हातारी उठली.

"ए चेअरमन, मला बोलायचं हाय."

"आजी, फॅटचं नंतर बघू."

"फॅटचं न्हाई. ह्याच मांडवात तू म्हनलास, पुढची साहेब हीच. म्हनलास का न्हाई?"

चेअरमन हसले. आजी, ते भाषण होतं, असं म्हणाले.

"तुझं भाषन आसंल. आमच्या टाळ्या खऱ्या हुत्या. मी पैल्या रांगेत हुते, हात दुखंपतूर वाजवल्या. तवा ती झालीबी नव्हती, तरी वाजवल्या. आता ती झालीया. मंग आता आमी काय टाळ्या म्हागारी घ्यायच्या?"

सगळा मांडव हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "फ्लेक्स हाय अजून चौकात!" दुसरा म्हणाला, "पेपर काढा रं चेअरमनच्या तोंडावरचा!" खरोखर, तो कागद कुणी काढलाच नव्हता. ज्या फ्लेक्सने माझी इतकी शोभा केली, तो आता माझ्या बाजूने साक्षीला उभा होता. मी उठले. गुणपत्रक नेऊन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "चेअरमन, तुम्ही दिलेला नारळ मी अजून फोडलेला नाही. फोडू, का परत आणून देऊ?"

चेअरमननी मांडवाकडे पाहिलं. पुढच्या वर्षी संघाचीच निवडणूक आहे, आणि त्या मांडवातला प्रत्येक माणूस सभासद आहे. हे त्यांना आठवलं तो क्षण मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

"मी कुठं न्हाई म्हनलो?" ते म्हणाले. "मांडा ठराव."

मंजूर, मंजूर. टाळ्या पडल्या. या वेळच्या टाळ्या आधीच्यापेक्षा कमी होत्या, कारण निम्म्या हातांत शेव-बुंदी होती. मला चालल्या.

संध्याकाळी घरी आले तर नवरा ओट्यावर बसला होता. सभेला तो आला नव्हता, मांडवात कुणी हाताचा विषय काढेल म्हणून. बातमी त्याला आधीच कळली होती. त्याने फ्रिजवरचा नारळ काढून ठेवला होता, पुसून. मला म्हणाला, "हलवून बघ." मी हलवला. आत काहीतरी खुळखुळत होतं. थंडीपासून पावसाळ्यापर्यंत पाणी आटून आत सुक्या खोबऱ्याचा गोटा झाला होता. त्याने कोयत्याच्या पाठीने हलके हलके ठोकत करवंटी सोडवली आणि अख्खं खोबरं, कुठे चीर नाही, माझ्या हातावर ठेवलं.

मग तो आत गेला आणि शाल घेऊन आला. तीच, सत्काराची. घडी मोडून त्याने ती माझ्या अंगावर टाकली, तीही उलटी. मग ती खांद्यावर सारखी करत राहिला. शेवटी त्याने हात माझ्या खांद्यावर ठेवला. डाव्या. फ्लेक्सवर होता तिथेच. या वेळी फोटोग्राफर नव्हता, मागे कुणी लागलं नव्हतं, आणि रस्त्याने जाणारे दोघे-तिघे ओट्यावर आमच्याकडे बघत होते. त्याने हात काढला नाही. मी तेव्हा हुंदके देऊन रडले.

"बास आता," तो म्हणाला. "खोबरं किसून घे. मसाला संपलाय."